पाचू बदलला की तेल गेलं? फोंड्याकडच्या एका घरातल्या दागिन्यांचं प्रकरण

मी मडगावात दागिन्यांची तपासणी आणि दुरुस्तीचं काम बघते. हे प्रकरण त्या घरच्यांच्या परवानगीने लिहितेय, नावं आणि गाव देत नाही, काही बारीक गोष्टी मुद्दाम बदलल्यात. असे वाद आमच्याकडे पुन्हापुन्हा येतात, आणि प्रत्येक वेळी माणसं दागिन्यापेक्षा जास्त दुखावलेली असतात म्हणून सगळं नीट लिहून काढावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातलं झुवारीकाठचं गाव, घराच्या मागे खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन. घरात सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, थोरला मुलगा आणि सून, आणि धाकट्याचं लग्न डिसेंबरात ठरलेलं. चवथ (गणेशचतुर्थी) झाली, पाऊस ओसरला, मग लॉकरमधून सगळं बाहेर काढलं. कोविडच्या आधी ठेवलेलं ते मधे एकदाच कधीतरी उघडलं होतं, म्हणजे गोव्याचे कितीतरी पावसाळे त्या डब्यात गेले.

काय काय होतं ते सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. सासूबाईंच्या आजेसासूची नथ, बसरा मोत्यांची, म्हणजे समुद्रातल्या नैसर्गिक मोत्यांची, आहे असं घरात सांगतात. मोत्यांच्या सरांचा तन्मणी, त्याच्या खोडात, म्हणजे मधल्या पदकात, पोलकी (पैलू न पाडलेले हिरे) आणि लाल खडे कुंदनात बसवलेले. पोवळ्यांची माळ. २२ कॅरेटच्या पाटल्या, आत लाख भरलेल्या. सासऱ्यांची पाचूची अंगठी, त्यांनी नव्वदच्या दशकात जयपूरहून आणलेली. सुनेचे स्वतःचे व्हाइट गोल्डचे हिऱ्याचे टॉप्स, हे मात्र लॉकरमधले नव्हेत, तिच्या वापरातले. आणि घरातच कपाटात ठेवलेली चांदी, म्हणजे ताम्हण, निरांजनं, अत्तरदाणी, पैंजण.

ठेवलेलं कसं होतं? सोनं सगळं एकाच प्लास्टिकच्या झिपवाल्या पिशवीत, पाटल्या पोवळ्यांवर, पोवळी अंगठीवर. मोती कापसात गुंडाळून वर प्लास्टिक आणि त्यावर रबरबँड. हे काही या घराचंच नाही हं, निम्म्या गोव्यात दागिने असेच ठेवतात, आणि हेतू चांगलाच असतो, दमट हवा लागू नये म्हणून.

प्रश्न कुठून सुरू झाला

अंगठी नवऱ्या मुलाने घालायची असं ठरलेलं, वडिलांची आठवण म्हणून. सुनेने ती पणजीतल्या एका मोठ्या दुकानात नेली, तिथे फुकट क्लीनिंग करून देतात. अर्ध्या तासात परत मिळाली. सोनं लखलखीत, पण पाचू मात्र दुधाळ दिसायला लागला, आत पांढऱ्या रेघा, मधेच एक पिसासारखा पट्टा जो आधी कुणी बघितलाच नव्हता.

सासूबाईंनी अंगठी हातात घेतली आणि म्हणाल्या, “हा आमचा पाचू नव्हे. बदलला त्यांनी.”

सून म्हणाली, “आई, मी समोरच बसले होते.” आणि मग स्वतःच आठवून म्हणाली की मशीन आतल्या खोलीत होतं. झालं, तिथून पुढे घरात बोलणंच कमी झालं. सासूबाईंचा राग दुकानावर होता, पण सुनेला तो स्वतःवरच वाटत होता, आणि मला विचाराल तर तिला तसं वाटणं साहजिक होतं, कारण अंगठी नेली तिने. थोरला मुलगा पोलिसात जाऊया म्हणत होता. नणंद म्हापशाला असते, तिने सांगितलं की आधी कुणाला तरी दाखवा तरी. म्हणून माझ्याकडे आले, आणि येताना सगळेच दागिने घेऊन आले, कारण आता कशावरच विश्वास राहिला नव्हता.

पहिला निर्णय: भांडायच्या आधी तपासायचं

इथे मी फक्त एकच आग्रह धरला की दुकानात पुन्हा जायच्या आधी हा खडा तोच आहे की नाही ते ठरवूया. घरी जुनं काही कागदपत्र आहे का विचारलं तर सासूबाईंच्या ट्रंकेत जयपूरच्या खरेदीच्या वेळचा एक लॅबचा कागद निघाला, त्यावर खड्याची लांबी-रुंदी आणि वजन. खडा अंगठीतच ठेवून गेजने लांबी-रुंदी मोजता येते, ती जुळली. खड्याला धरणाऱ्या आकड्यांवर लूप (सोनाराचं भिंग) लावून बघितलं तर कुठेही ताजा ओरखडा नाही, आकडे उघडून परत दाबले की हत्याराची खूण राहतेच.

तरी सासूबाईंना पटत नव्हतं. मी त्यांना विचारलं की तुम्हाला त्या खड्यातलं काही आठवतं का. त्या लगेच म्हणाल्या, “एका कोपऱ्यात काळा ठिपका होता, ह्यांना मी तेव्हाच म्हटलेलं की डागाळलेला कशाला घेतला.” दहापट लूप त्यांच्या डोळ्याला लावून दिला, अंगठी हळूहळू फिरवली. ठिपका होता, त्याच कोपऱ्यात. बराच वेळ बघत राहिल्या आणि मग सुनेकडे लूप दिला, “बघ गे तू पण.”

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वात महत्त्वाचा क्षण. मी नुसतं सर्टिफिकेटसारखं सांगितलं असतं की खडा तोच आहे तर त्यांनी मान हलवली असती पण शंका तशीच राहिली असती. खड्याच्या आतल्या खुणा त्याची ओळख असतात, आणि ती ओळख मालकाला स्वतःच्या डोळ्याने पटवून द्यावी लागते.

मग झालं काय होतं?

बहुतेक सगळ्या पाचूंच्या आत बारीक चिरा असतात, जन्मजात. त्या दिसू नयेत म्हणून कटिंगनंतर त्यात तेल भरतात, जास्त करून सीडरवुडचं, हल्ली काही ठिकाणी रेझिन. ही फार जुनी पद्धत आहे, सांगून केली तर त्यात फसवणूक नाही. चीर दिसते कारण तिच्यात हवा असते. पाचूचा वक्रीभवनांक (आत शिरताना उजेड किती वाकतो त्याचं माप) साधारण १.५७ ते १.५८, हवेचा १, त्यामुळे चिरेवर उजेड आदळून परततो आणि ती पांढरी चमकते. तेलाचा १.५१-१.५२ च्या आसपास, पाचूच्या जवळचा, म्हणून तेल भरलं की उजेड जवळजवळ सरळ पार होतो आणि चीर नजरेला लपते. दुधी काचेवर पाणी ओतलं की पलीकडचं दिसायला लागतं ना, तसंच.

दुकानात वापरलं ते अल्ट्रासॉनिक मशीन. त्यात गरम साबणाच्या पाण्यात आवाजाच्या लहरींनी असंख्य बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि मळ सुटतो. साध्या सोन्याला, चांगल्या हिऱ्याला ते ठीक. पाचूतलं तेल मात्र त्याने निघून जातं, कधीकधी चीर वाढतेसुद्धा. स्टीमनेही तेच. मोती, पोवळं, ओपल, टांझानाइट, आणि कुठलाही फिलिंग केलेला खडा त्या मशीनमध्ये घालायचाच नसतो. तर चोरी झाली नव्हती, खडा धुतला गेला होता. दुकानाने विचारायला हवं होतं की खडा ट्रीटेड, म्हणजे तेल वगैरे भरलेला, आहे का, ते त्यांचं काम, गिऱ्हाइकाला हे माहीत असण्याची अपेक्षा मी धरणार नाही.

पाचूसाठी कुठले मार्ग होते

तक्रार करणं हा एक. पण अंगठी देताना खड्याची स्थिती लिहिलेली पावती नव्हती, आधीचा जवळून काढलेला फोटो नव्हता, त्यामुळे आधी कसा होता हे दाखवायचं कशावर? घरच्यांनी दुकानात जाऊन शांतपणे सांगितलं, मॅनेजरने ऐकून घेतलं, जबाबदारी घेतली नाही. पुढे वाढवायचं नाही असं त्यांनी ठरवलं.

दुसरा मार्ग, नवा पाचू बसवणं. थोरल्याची तयारी होती, सासूबाईंची नव्हती, आणि ज्या अंगठीची किंमतच आठवणीत आहे तिथे खडा बदलून काय साधणार.

तिसरा, परत तेल भरणं. हे काम खडा काढून, आधी चिरा स्वच्छ करून, मग गरम तेलात व्हॅक्यूमखाली करतात, जयपूरला ते रोजचं आहे. प्रश्न वेळेचा होता. लग्नाला जेमतेम महिना, खडा काढायचा, पाठवायचा, परत बसवायचा, आणि घाईत बसवलेला खडा लग्नाच्या गडबडीत सैल झाला तर? शिवाय घरगुती सल्ले येत होतेच, कुणी म्हणालं खोबरेल लाव, कुणी बेबी ऑइल. वरून चोळलेलं तेल चिरेत खोल जात नाही आणि जे जातं ते मळ धरतं, शिवाय नंतर नीट तेल भरताना आधी ते काढत बसावं लागतं.

ठरलं असं की लग्नात अंगठी आहे तशीच घालायची, तेलाचं काम लग्नानंतर. मला हा निर्णय फार आवडला. आणि तो घेतला सासूबाईंनी, “लोक काय अंगठी भिंगातून बघणार आहेत?” असं म्हणून.

बाकीच्या दागिन्यांचं काय केलं

मोत्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होता होता राहिलं. तन्मणीचे सर पिवळसर आणि मंद दिसत होते, मोत्याचं पाणी गेल्यासारखं. नणंदेने व्हिडिओ बघितलेला की टूथपेस्टने मोती चमकतात. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे पातळ थर, कठीणपणा मोह्ज मापावर २.५ ते ४.५, म्हणजे साध्या धुळीत असणारी वाळूसुद्धा त्याच्यापेक्षा कठीण, ती ७. टूथपेस्टमध्ये घासायचेच कण असतात, वरचा थर गेला की तो परत येत नाही. आंबट काहीही तसंच, लिंबू, चिंच, व्हिनेगर, सगळं मोती विरघळवतं, घामसुद्धा हळूहळू. काही ठिकाणी हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरे करून देतात, तो पर्याय मी मांडला पण नको असंही सांगितलं, जुन्या मोत्याचा पिवळेपणा हा त्याच्या वयाचा असतो.

खरी भानगड दोऱ्यात होती. रेशीम ओलाव्याने कुजलं होतं, दोन ठिकाणी नुसत्या धाग्यावर लोंबत होतं. म्हणजे लग्नात नाचताना तुटलं असतं तर मोती मांडवभर. मऊ ओलसर कापडाने एकेक मोती पुसला, सावलीत सुकवला आणि पटवेकऱ्याकडून नव्या रेशमात गाठवून घेतला, मोठ्या मोत्यांच्या मधे गाठी मारून, म्हणजे तुटला तरी एकच मोती सुटतो आणि मोती एकमेकांवर घासत नाहीत.

तन्मणीच्या खोडात एक पोलकी काळी पडली होती. कुंदनात खड्याच्या मागे चांदीची वर्ख असते, आत लाख, पाणी शिरलं की वर्ख काळी पडते. कधीतरी कुणीतरी ते पाण्यात बुडवून धुतलंय. दुरुस्त करायचं तर कुंदन उकलून नवी वर्ख घालावी लागते, त्यासाठी जडावाचा खरा कारागीर हवा, गावातल्या शेटनी स्वतःच सांगितलं की हे माझं काम नव्हे. असं प्रामाणिकपणे सांगणारा सोनार मिळाला तर त्याला धरून ठेवा. खोडाला कुणी हात लावायचा नाही असं ठरवलं, फक्त कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढली.

पाटल्यांवर मतभेद झाले. एका दुकानात सांगितलं होतं की हॉलमार्क नाही, आता अशा चालत नाहीत, बदलून नव्या घ्या. हे चुकीचं आहे. १ एप्रिल २०२३ पासून ६ अक्षर-अंकी एचयूआयडीचा, म्हणजे हॉलमार्कसोबत दागिन्यावर कोरायच्या ओळख क्रमांकाचा, नियम आहे तो दुकानदाराने विकायच्या दागिन्यांना, घरातले जुने दागिने ठेवायला किंवा घालायला काही अडचण नाही. दुसरीकडे ॲसिडमध्ये पॉलिश करून देतो म्हणाले. ॲसिडच्या उजाळ्यात थोडं सोनं जातं, आणि लाख भरलेल्या पाटलीला उष्णता लागली की लाख वितळून बाहेर येते. शेवटी रिठ्याच्या कोमट पाण्यात बाळाच्या ब्रशने हलकेच घासल्या, जोडावर पाणी जाऊ नये म्हणून पटकन पुसल्या. आधी आणि नंतर वजन केलं. हे वजन करायची सवय मी सगळ्यांना लावते, विश्वास असलेल्या शेटकडे सुद्धा, त्यात अपमान काही नाही, चांगल्या शेटला तर उलट बरं वाटतं.

पोवळ्यांची माळ मोत्यांसारखीच नाजूक, तीही कॅल्शियम कार्बोनेटच, पाटल्यांच्या घासण्याने तिच्यावर चरे पडलेले दिसले. ते राहिले, जाणारे नव्हते.

टॉप्सचं थोडक्यात. सून आठवड्यातून काही दिवस पूलमध्ये पोहते, टॉप्स घालूनच. क्लोरीन व्हाइट गोल्डमधल्या मिश्रधातूवर काम करतं, आकडे ठिसूळ होतात, एकाला चीर होती. आकडे बदलले, रोडियमचा पांढरा मुलामा परत चढवला.

चांदी मात्र घरातलीच असून सर्वात काळी. खाजनाच्या चिखलाला ओहोटीला जो वास येतो ना, कुजक्या अंड्यासारखा, तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि चांदी काळी होते ती गंधकानेच, वर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. पैंजणांना रबरबँड होता तिथे काळे पट्टेच उमटले होते, रबरातही गंधक असतं. साधं ताम्हण आणि निरांजनं ॲल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाण्यात ठेवली, फॉइलला चांदी टेकायला हवी, गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी चांदीच राहते, घासून जात नाही. अत्तरदाणीवर नक्षी होती, खोलगट भागातला काळेपणा मुद्दाम ठेवलेला, ती या पाण्यात घातली नाही, नुसत्या खडूच्या पुडीने उंचवटे पुसले. पैंजणांना मीना (रंगीत काचेचं काम) होता म्हणून तेही हातानेच.

काय झालं

लग्न नीट पार पडलं. हळदीच्या दिवशी मोती आणि पोवळी कुणीच घातली नाहीत, हळद, तेल, कुंकू सगळंच त्यात शिरतं. लग्नाच्या दिवशी आधी वेणी, मेकअप, अत्तर, स्प्रे, आणि सगळ्यात शेवटी दागिने, उतरवताना सगळ्यात आधी दागिने, हा क्रम सुनेने सगळ्या बायकांना लावून दिला.

अंगठी फेब्रुवारीत मुलगा स्वतः जयपूरला घेऊन गेला, कुरिअरचा विमा परवडला नसता असं नाही पण सासूबाईंचं मन होईना. तेल भरून आली. रंग परत आला, बहुतेक रेघा गेल्या. एक चीर अजून दिसते, ती पृष्ठभागाशी जरा जास्तच उघडलेली आहे, मशीनने उघडली की आधीच होती ते आता कुणी सांगू शकणार नाही. तेल काही वर्षांनी परत सुकणार हेही त्यांना सांगितलंय, आणि पुढे कधी विकायची झाली तर तेल भरलंय हे सांगायचंच.

वेगळं काय करता आलं असतं

अंगठी देण्याआधीचे दहा मिनिटं, तिथेच सगळं होतं. उजेडात मोबाइलने जवळून फोटो, पावतीवर खड्याचं नाव, वजन, आणि कुठल्या पद्धतीने साफ करणार हा एक प्रश्न. पाचू मशीनमध्ये घालणार म्हणाले असते तर अंगठी परत घेता आली असती. खरं तर पाचूला कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ कापड एवढंच पुरतं.

लॉकरबद्दल मी त्यांना जरा कडक बोलले. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत, म्हणजे भाडं ३,००० असेल तर ३ लाख. त्या लॉकरमध्ये त्याच्या कितीतरी पट जास्त होतं आणि कशाचीही यादी नव्हती, फोटो नव्हते, विमा नव्हता. आता यादी झालीय, प्रत्येक दागिन्याचा फोटो आणि वजन सकट, एक प्रत नणंदेकडे.

ठेवणंही बदललं. प्रत्येक दागिना वेगळ्या मलमलच्या पिशवीत. मोत्यांना प्लास्टिक नाही आणि सिलिका जेलही नाही, फार कोरडं झालं तर मोती तडकतात. सिलिका जेल फक्त चांदीच्या डब्यात. वर्षातून दोनदा उघडायचं, पावसाआधी आणि पावसानंतर, आणि मोती अधूनमधून घालायचे.

नथीचं अजून ठरलेलं नाही. तिला आम्ही फक्त तार घट्ट करून दिली. मोती खरोखर बसऱ्याचे, म्हणजे नैसर्गिक, आहेत का हे डोळ्याने किंवा दातावर घासून कळत नाही. जपानात मिकिमोतोने १८९३ मध्ये पहिले अर्धगोल मोती पिकवले आणि गोल पिकवलेले मोती १९२० च्या आसपास बाजारात यायला लागले, ही नथ साधारण त्याच्या नंतरच्या काही वर्षांतली, त्यामुळे वयावरून निकाल लागत नाही, लॅबमध्ये एक्स-रेच करावा लागतो. विम्यासाठी तो करावा असं माझं आणि सुनेचं मत. सासूबाई म्हणतात की तिच्या किमतीचा कागद कशाला, ती विकायची नाहीच. नैसर्गिक निघाले तर विम्याची रक्कम कितीतरी बदलेल हे त्यांना आकडे मांडून सांगितलंय, आणि सून येत्या एप्रिलमध्ये लॉकर उघडेल तेव्हा पुन्हा विषय काढणार आहे.